बदनाम साक्षीदाराची साक्ष

ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे माजी मुख्य सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज २६ मे २०२१ रोजी संसदेच्या दोन समित्यांसमोर उभे राहिले आणि सुमारे सात तास बोलत राहिले. करोना साथीच्या काळात सरकार कसे वागले, कोणते निर्णय उशिरा घेतले गेले, कोणते घेतलेच गेले नाहीत, हा त्यांच्या साक्षीचा विषय होता. ज्यांना जगण्याचा हक्क होता अशी हजारो माणसे सरकारच्या चुकांमुळे विनाकारण दगावली, असे त्यांनी सांगितले. जनतेला सर्वाधिक गरज होती तेव्हाच मंत्री, अधिकारी आणि आपल्यासारखे सल्लागार कमी पडलो, अशी कबुली देऊन त्यांनी मृतांच्या नातेवाइकांची माफीही मागितली. तोवर ब्रिटनमधील करोनाबळींची अधिकृत संख्या सव्वा लाखापलीकडे गेली होती.

सत्तेच्या गाभाऱ्यात वावरलेल्या माणसाने इतक्या उघडपणे आपल्याच सरकारवर दोषारोप केल्याची उदाहरणे विरळाच. साहजिकच या साक्षीने खळबळ उडाली. परंतु तिला मिळालेला जनतेचा प्रतिसाद सरळ नव्हता. बोलणारा माणूस बहुसंख्यांना नकोसा होता आणि तो जे सांगत होता ते मात्र अनेकांच्या अनुभवाशी जुळत होते. साक्षीदार अविश्वासार्ह असला की साक्षही फेकून द्यायची का, हा न्यायालयातील जुना प्रश्न त्या दिवशी एका संपूर्ण देशापुढे येऊन ठेपला.

सल्लागार ते साक्षीदार

कमिंग्ज हे निवडून आलेले लोकप्रतिनिधी नव्हते आणि सनदी अधिकारीही नव्हते. २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने युरोपीय महासंघातून बाहेर पडावे यासाठी झालेल्या ‘व्होट लीव्ह’ मोहिमेचे ते सूत्रधार. जुलै २०१९ मध्ये जॉन्सन पंतप्रधान झाले तेव्हा कमिंग्ज यांना त्यांनी आपल्या कार्यालयात आणले आणि थोड्याच काळात मंत्र्यांपेक्षाही त्यांचा शब्द वजनदार असल्याची चर्चा होऊ लागली. नोकरशाहीविषयीचा तिरस्कार त्यांनी कधी लपवला नाही. त्यामुळे प्रशासनात त्यांचे शत्रू पुष्कळ होते आणि सत्ताधारी हुजूर पक्षातही मित्र थोडेच होते.

सर्वसामान्य माणसाला मात्र त्यांचे नाव माहीत झाले ते एका प्रवासामुळे. २३ मार्च २०२० रोजी टाळेबंदी जाहीर करताना सरकारने नागरिकांना घराबाहेर न पडण्याचा आदेश दिला. त्यानंतर चारच दिवसांनी कमिंग्ज पत्नी व मुलासह लंडनहून चारशे किलोमीटर दूर असलेल्या डरहॅम परगण्यातील कौटुंबिक जागेत गेले. १२ एप्रिल रोजी ते तेथून बार्नार्ड कॅसल या गावी मोटारीने जाऊन आले. मे महिन्यात ‘गार्डियन’ व ‘मिरर’ या दैनिकांनी हे प्रकरण बाहेर काढले. पंतप्रधान निवासाच्या बागेत घेतलेल्या पत्रकार परिषदेत कमिंग्ज यांनी खुलासा केला, की आजारपणानंतर दृष्टीवर परिणाम झाल्यासारखे वाटत होते आणि लंडनपर्यंतचा लांबचा प्रवास झेपेल की नाही हे पाहण्यासाठी तो फेरफटका होता. या ‘नेत्रपरीक्षे’ची देशभर टिंगल झाली, एका बिअर कंपनीने त्याच नावाची बिअरदेखील बाजारात आणली.

टिंगलीच्या आड मोठा संताप होता. याच काळात आईवडिलांच्या अंत्यविधीला जाता आले नाही, रुग्णालयात शेवटचा निरोप घेता आला नाही, अशी हजारो कुटुंबे देशात होती. स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी कॅथरीन काल्डरवुड यांनी आपल्या दुसऱ्या घरी गेल्याबद्दल एप्रिल २०२० मध्ये पद सोडले होते. साथरोगतज्ज्ञ नील फर्ग्युसन यांनीही नियमभंगाची बातमी येताच सरकारच्या वैज्ञानिक सल्लागार गटातून अंग काढून घेतले होते. कमिंग्ज मात्र पदावर राहिले आणि पंतप्रधानांनी त्यांची पाठराखण केली. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ४० हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांचा अभ्यास करून ऑगस्ट २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला, की या प्रकरणानंतर इंग्लंडमधील लोकांचा सरकारवरील विश्वास ठळकपणे घसरला. स्कॉटलंड व वेल्समध्ये तेथील सरकारांबाबत तशी घसरण दिसली नाही. संशोधकांनी त्याला ‘कमिंग्ज परिणाम’ असेच नाव दिले.

नोव्हेंबर २०२० मध्ये अंतर्गत सत्तासंघर्षातून कमिंग्ज यांना पंतप्रधान कार्यालय सोडावे लागले. एप्रिल २०२१ मध्ये पंतप्रधानांचे खासगी संदेश फोडल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला गेला, तेव्हा त्यांनी तो फेटाळून जॉन्सन यांच्या सचोटीवरच जाहीर प्रश्नचिन्ह उभे केले. त्यामुळे मे महिन्यात ते साक्षीला आले तेव्हा त्यामागे सूडभावना असल्याचा संशय आधीपासूनच हवेत होता.

साक्षीत काय होते?

आरोग्य समितीचे अध्यक्ष जेरेमी हंट आणि विज्ञान समितीचे अध्यक्ष ग्रेग क्लार्क हे दोघेही हुजूर पक्षाचेच खासदार. त्यांच्यापुढे कमिंग्ज यांनी जे चित्र उभे केले ते भेदक होते. फेब्रुवारी २०२० मध्ये पंतप्रधान करोनाकडे स्वाइन फ्लूसारखी आणखी एक बागुलबुवा म्हणून पाहत होते, असे ते म्हणाले. साथीला तोंड देण्याचा तयार आराखडा आहे असे सर्वांना वाटत होते, पण प्रत्यक्षात तसा काही आराखडाच नव्हता. १३ मार्चच्या संध्याकाळी हेलन मॅकनमारा या ज्येष्ठ अधिकारी पंतप्रधान कार्यालयात येऊन आपण पुरते बुडालो आहोत, असे सांगून गेल्या, अशी आठवण त्यांनी सांगितली. लोकसंख्येत संसर्ग पसरू देऊन सामूहिक प्रतिकारशक्ती येईपर्यंत वाट पाहणे हेच मार्चच्या मध्यापर्यंत अधिकृत धोरण होते, हा त्यांचा दावा सरकारने सातत्याने नाकारलेला होता.

सर्वांत जहरी टीका आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांच्या वाट्याला आली. पंधरा ते वीस कारणांसाठी त्यांना काढून टाकायला हवे होते आणि खोटे बोलणे हे त्यांपैकी एक, असे कमिंग्ज म्हणाले. रुग्णालयांतून वृद्धांच्या शुश्रूषागृहांत पाठवल्या जाणाऱ्या रुग्णांची आधी चाचणी होईल, असे आश्वासन हॅनकॉक यांनी दिले होते आणि ते पाळले गेले नाही, असा त्यांचा आरोप होता. सप्टेंबर २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी अल्पकाळाची टाळेबंदी सुचवूनही पंतप्रधानांनी ती मानली नाही, ही दुसरी मोठी चूक त्यांनी दाखवली. जॉन्सन त्या पदाला योग्य नाहीत, असे ते उघड म्हणाले. त्याच वेळी, आपल्यासारख्या माणसाला एवढे अधिकार मिळणे हेही व्यवस्थेच्या वेडेपणाचे लक्षण, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. रुग्णालयांत राबणारे सिंह होते आणि त्यांचे नेतृत्व गाढवांकडे होते, ही पहिल्या महायुद्धापासून इंग्रजीत रूढ झालेली उपमा त्यांनी वापरली.

जनतेचे अनेक आवाज

या साक्षीवरची पहिली आणि सर्वांत दाहक प्रतिक्रिया मृतांच्या आप्तांची होती. ‘कोविड-१९ बिरीव्ह्ड फॅमिलीज फॉर जस्टिस’ या संघटनेने साथीच्या पहिल्या वर्षापासून वैधानिक चौकशीचा आग्रह धरला होता. साक्षीच्या दोनच आठवडे आधी, १२ मे रोजी, जॉन्सन यांनी अशी चौकशी होईल, मात्र ती २०२२ च्या वसंतात, असे जाहीर केले होते. आपली माणसे कशामुळे गेली हे एका पदच्युत सल्लागाराच्या तोंडून, दूरचित्रवाणीवर ऐकावे लागणे हे या कुटुंबांसाठी दुहेरी दुःख होते. चौकशी तातडीने सुरू करा, ही मागणी त्यांनी पुन्हा लावून धरली. त्यांचा कमिंग्ज यांच्याविषयीचा राग कमी झाला नव्हता. त्यांना उत्तरे हवी होती, ती कोणाकडून येतात हा प्रश्न दुय्यम होता.

दुसरा आवाज डरहॅमची आठवण न विसरलेल्यांचा. साक्षीत कमिंग्ज यांनी त्या प्रवासाविषयी नवी माहिती दिली. लंडनच्या घरी कुटुंबाला धमक्या येत असल्याने बाहेर जाण्याचा विचार आधीच झाला होता आणि हे कारण आपण वर्षभरापूर्वी सांगितले नाही, असे ते म्हणाले. त्या प्रकरणाने जनतेच्या विश्वासाला तडा गेला हेही त्यांनी मान्य केले. अनेकांना मात्र ही कबुली म्हणजे त्यांच्या शब्दावर विसंबू नये याचाच पुरावा वाटली. जो माणूस बागेत बसून देशाला अर्धेच सांगतो, तो समितीपुढे पूर्ण सांगतो कशावरून, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

तिसरा आवाज सत्तापक्षाचा. हॅनकॉक यांनी दुसऱ्या दिवशी संसदेत आपल्या प्रामाणिकपणावरचे आरोप निराधार आणि असत्य असल्याचे सांगितले. चाचण्यांची क्षमता उभारल्यावर त्या करण्याचे आपण वचन दिले होते आणि क्षमता उभारायला वेळ लागला, अशी त्यांची बाजू होती. आपण ऐकलेल्या काही विधानांचा वास्तवाशी संबंध नाही, असे जॉन्सन म्हणाले. विरोधी मजूर पक्षाचे नेते केर स्टार्मर यांनी साक्ष चालू असतानाच सभागृहात पंतप्रधानांना तिच्यावरून धारेवर धरले. त्यांच्यापुढेही पेच होताच: ज्या माणसाचा वर्षभरापूर्वी राजीनामा मागितला, त्याच्याच शब्दांचे शस्त्र आता हाती घ्यायचे होते.

आणि चौथा, कदाचित सर्वांत मोठा, आवाज होता तो खांदे उडवणाऱ्यांचा. मे २०२१ मध्ये ब्रिटनमधील वातावरण एका वर्षापूर्वीपेक्षा अगदी वेगळे होते. ८ डिसेंबर २०२० पासून सुरू झालेल्या लसीकरणात सुमारे ३ कोटी ८० लाख लोकांना पहिली मात्रा मिळाली होती, दुकाने आणि खानावळी उघडल्या होत्या. याच महिन्याच्या सुरुवातीला हार्टलपूलची पोटनिवडणूक जिंकून हुजूर पक्षाने मजूर पक्षाचा जुना बालेकिल्ला घेतला होता. साक्षीनंतरच्या जनमत चाचण्यांत राजकीय पारडे फारसे हलले नाही. सरकार सुरुवातीला चुकले हे लोकांना ठाऊक होते. साक्षीने त्यांना नवे काही सांगितले नाही, असेही या शांततेचे स्पष्टीकरण देता येते. लस मिळालेल्या माणसाला मागच्या वर्षाचा हिशेब मांडण्याची घाई नव्हती. ज्यांच्या घरात माणूस गेले होते, त्यांच्यासाठी मात्र ते वर्ष संपलेच नव्हते.

भारताशी जोडलेला धागा

साक्षीला तातडीचे वजन आले ते आणखी एका कारणाने. महाराष्ट्रासह भारतभर दुसऱ्या लाटेने हाहाकार माजवला होता आणि भारतात प्रथम आढळलेला, पुढे ‘डेल्टा’ या नावाने ओळखला गेलेला विषाणूप्रकार ब्रिटनच्या बोल्टन, ब्लॅकबर्न या शहरांत पसरत होता. भारतातून येणाऱ्या प्रवाशांवर कडक निर्बंध २३ एप्रिल २०२१ रोजी लागू झाले. जॉन्सन यांचा नियोजित भारत दौरा रद्द होईपर्यंत हा निर्णय लांबवला गेला, अशी टीका तेव्हा झाली होती. सीमांबाबत सरकारकडे कधीच धड धोरण नव्हते, असे कमिंग्ज यांनी साक्षीत सांगितले तेव्हा ऐकणाऱ्यांसमोर जुना इतिहास नव्हता, चालू महिन्याच्या बातम्या होत्या. २१ जून रोजी उठणारे उरलेसुरले निर्बंध पुढे डेल्टामुळेच १९ जुलैपर्यंत लांबले.

पडताळणीची कसोटी

आपल्याकडच्या फौजदारी न्यायालयांना ‘माफीचा साक्षीदार’ चांगला परिचित आहे. गुन्ह्यात स्वतः सामील असलेला माणूस साक्ष द्यायला पात्र असतो. किंबहुना आतले तपशील त्यालाच ठाऊक असतात. पण स्वतंत्र पुराव्याची जोड मिळाल्याशिवाय त्याच्या शब्दावर भिस्त ठेवू नये, हा विवेक १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातही होता आणि तो इंग्रजी न्यायपरंपरेतूनच आलेला. कमिंग्ज यांना कोणी माफी दिलेली नव्हती, तरी त्यांच्या साक्षीला हीच कसोटी लागू होती. पुढच्या चार वर्षांत ती लागलीही.

काही आरोप कसोटीला लगेच उतरले नाहीत. हॅनकॉक खोटे बोलले याचे लेखी पुरावे समित्यांनी मागितले होते. ते वेळेत आले नाहीत. १० जून २०२१ रोजी हॅनकॉक स्वतः समित्यांपुढे आले तेव्हा ग्रेग क्लार्क यांनी याबद्दल खेद व्यक्त केला. त्यानंतर सहा दिवसांनी कमिंग्ज यांनी हॅनकॉक यांना अत्यंत कुचकामी ठरवणारे जॉन्सन यांचे खासगी संदेश प्रसिद्ध केले. त्यातून पंतप्रधानांचे आपल्या मंत्र्याविषयीचे मत कळले. मंत्री खोटे बोलल्याचे सिद्ध झाले नाही. हॅनकॉक यांचे मंत्रिपद २६ जून रोजी गेले ते तिसऱ्याच कारणाने. कार्यालयातील सहकारी महिलेला आलिंगन देतानाचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि अंतर राखण्याचा स्वतःचाच नियम त्यांनी मोडल्याचे उघड झाले. सात तासांच्या साक्षीने जे झाले नाही ते एका छायाचित्राने झाले, यातही लोकभावनेचा एक धडा होता. धोरणातील चूक समजावून घ्यावी लागते. नियमातला दुटप्पीपणा पाहताक्षणी कळतो.

मुख्य आरोपांना मात्र एकामागून एक दुजोरा मिळत गेला. दोन्ही समित्यांनी १२ ऑक्टोबर २०२१ रोजी एकमताने दिलेल्या अहवालात साथीच्या सुरुवातीची हाताळणी ही देशाच्या इतिहासातील सार्वजनिक आरोग्याच्या सर्वांत मोठ्या अपयशांपैकी एक ठरवली. लसीकरणाचे मात्र कौतुक केले. १७ मार्च ते १५ एप्रिल २०२० या काळात सुमारे २५ हजार रुग्ण रुग्णालयांतून शुश्रूषागृहांत पाठवले गेले, असे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवले होते. लक्षणे नसलेल्या व्यक्तीकडूनही संसर्ग होऊ शकतो हा धोका विचारात न घेता आखलेले हे धोरण बेकायदा होते, असा निकाल लंडनच्या उच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२२ रोजी दिला. हा खटला शुश्रूषागृहांत वडील गमावलेल्या दोन मुलींनी लढवला होता.

निवृत्त न्यायाधीश हेदर हॅलेट यांच्या अध्यक्षतेखालील वैधानिक चौकशीत ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी कमिंग्ज पुन्हा साक्षीदाराच्या खुर्चीत बसले. दुसऱ्याच दिवशी हेलन मॅकनमारा यांनी मार्च २०२० मधील त्या संध्याकाळच्या प्रसंगाला स्वतः दुजोरा दिला. याच सुनावणीत मॅकनमारा यांच्याविषयी कमिंग्ज यांनी लिहिलेले हिणकस संदेशही देशाने वाचले. ज्या बाईच्या शब्दांनी त्यांची साक्ष खरी ठरली, तिलाच त्यांनी सत्तेत असताना अपमानित केले होते. माजी मुख्य वैज्ञानिक सल्लागार पॅट्रिक व्हॅलन्स यांनी, हॅनकॉक यांना आधार नसलेली विधाने करण्याची सवय होती, असे सांगितले. हॅनकॉक यांनी खोटे बोलल्याचा आरोप तेव्हाही नाकारला.

चौकशीचा निर्णयप्रक्रियेवरचा अहवाल २० नोव्हेंबर २०२५ रोजी आला. सरकारने केले ते फार थोडे आणि फार उशिरा, हे त्याचे सार. टाळेबंदी एक आठवडा आधी, म्हणजे १६ मार्च २०२० पासून लागू झाली असती, तर पहिल्या लाटेत एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २३ हजार मृत्यू टळले असते, असा गणिती प्रारूपावर आधारलेला अंदाज त्यात आहे. हजारो माणसे विनाकारण गेली, या २०२१ मधील विधानाला आता एका आठवड्यापुरता का होईना, आकडा मिळाला होता. मात्र पंतप्रधान कार्यालयातील विषारी व गोंधळाच्या वातावरणाला जबाबदार असलेल्यांत आणि कारभार अस्थिर करणाऱ्यांत अहवालाने कमिंग्ज यांचेही नाव घेतले. साक्ष बव्हंशी खरी ठरली आणि साक्षीदार निर्दोष ठरला नाही.

उशिराची किंमत

या सगळ्या प्रवासात जनतेची २०२१ मधील प्रतिक्रिया वाटली तितकी चुकीची नव्हती. माणसावर अविश्वास ठेवून त्याच्या म्हणण्याचा पुरावा मागणे, हा नागरिकांचा विवेकच होता. चूक झाली ती ज्यांच्या हाती पडताळणी होती त्यांच्याकडून. वैधानिक चौकशी लवकर नेमली गेली असती तर मृतांच्या नातेवाइकांना एका दुखावलेल्या सल्लागाराच्या शब्दांवर आणि फुटलेल्या संदेशांवर आपले समाधान शोधावे लागले नसते. चौकशीची जाहीर सुनावणी सुरू व्हायला जून २०२३ उजाडला. तोवर टाळेबंदीतल्या मेजवान्यांचे प्रकरण गाजून जॉन्सन यांचे पंतप्रधानपद गेले होते आणि अनेक वृद्ध नातेवाईक उत्तराची वाट पाहत जग सोडून गेले होते.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या एका काठावर संसद आहे. समोरच्या काठावर सेंट थॉमस रुग्णालय आहे. एप्रिल २०२० मध्ये जॉन्सन स्वतः तेथील अतिदक्षता विभागात होते आणि १२ एप्रिलला, म्हणजे कमिंग्ज बार्नार्ड कॅसलला गेले त्याच दिवशी, बरे होऊन बाहेर पडले. या रुग्णालयाच्या कडेने जाणाऱ्या भिंतीवर मार्च २०२१ मध्ये मृतांच्या आप्तांनी लाल हृदये रंगवायला सुरुवात केली; एका मृत्यूसाठी एक, अशी ही रांग सुमारे अर्धा किलोमीटर लांब झाली. साक्षीच्या दिवशी ती समोरच होती. ऊनपावसाने तिचा लाल रंग फिकट होत जातो आणि स्वयंसेवक ब्रश घेऊन पुन्हा त्यावर हात फिरवतात. कोणाची साक्ष खरी, याचा वाद त्या भिंतीपाशी होत नाही. तेथे नावे लिहिलेली असतात.